दूध डेअरीला, साखर घराला

गेल्या वर्षीच्या महिला दिनाची गोष्ट. बारामतीत आमची बारा जणींची भिशी आहे. दर महिला दिनाला आम्ही एका रंगाच्या साड्या नेसतो, फोटो काढतो, मिसळ खातो आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागतो. त्या वर्षी मात्र एकीची डॉक्टर जाऊ म्हणाली, ‘‘अहो, साड्या दरवर्षीच नेसता. यंदा सगळ्या जणी रक्त तपासून घ्या की!’’ मग ‘आधी रक्त, मग मिसळ’ असं ठरलं.

आमच्यात एक मैत्रीण आहे, चांगली ऐंशी किलोची. तिला आम्ही सगळ्या चिडवतो आणि ती बिचारी हसून घेते. आणि मी? मी भिशीतली चवळीची शेंग! उंची पाच फूट, वजन ४९ किलो. दोन बाळंतपणं होऊनही लग्नातला ब्लाउज अजून अंगात जातो, हे मी किती जणींना किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे.

रिपोर्ट आले. ऐंशी किलोवालीची साखर नॉर्मल. माझी उपाशीपोटी १४८.

पहिला विचार मनात आला तो हाच, की रिपोर्टांची अदलाबदल झाली असणार. पुन्हा तपासलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी केली, ती ७.४ आली. म्हणजे मधुमेह. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. मी डॉक्टरांना जवळजवळ जाबच विचारला, ‘‘अहो, पण मी जाड कुठंय?’’ त्यांनी काही न बोलता ड्रॉवरमधून शिंप्याकडं असते तशी टेप काढली आणि माझी कंबर मोजली. ८६ सेंटिमीटर! आपल्याकडच्या बायकांसाठी ८० ही धोक्याची रेषा मानतात. ‘‘ताई, काट्यावर तुम्ही बारीक आहात. टेपवर नाही,’’ डॉक्टर म्हणाले.

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानं माझा वर्षानुवर्षांचा तोरा उतरला. आणि एक प्रश्न डोक्यात शिरला. जाड नाही, मिठाईची फार आवड नाही, मग हे आलं कुठून?

वजन म्हटलं, की आमच्या भिशीत दोन पक्ष पडतात. एक डॉ. दीक्षितांचा, दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारा. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, थोडंथोडं वरचेवर खा म्हणणारा. मध्यंतरी तर दोन्ही पक्षांत मोठी जुंपायची. पण ‘किती वेळा खायचं’ या भांडणात माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते मिळालं पुण्यातल्या एका संशोधकाच्या कामात. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात आयुष्यभर मधुमेहावर काम केलेल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या.

याज्ञिकांचा एक फोटो जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत, एक आपले याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा ‘बीएमआय’, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी सारखा, २२.३. बघणारा म्हणेल, दोघंही सडपातळ. पण दोघांच्या अंगातली चरबी यंत्रावर मोजली, तर युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजन तेच, चरबी दुपटीहून जास्त. इंग्रज डॉक्टर मॅरेथॉन पळणारे होते हे खरं, आणि याज्ञिकांच्या व्यायामाबद्दल तिथंच चेष्टेनं लिहिलं होतं, की त्यांचं पळणं म्हणजे रोज सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ते गाठणं. पण चेष्टेमागची गोष्ट गंभीर होती. आपण भारतीय माणसं वरून बारीक आणि आतून जाड असतो.

हे वाचलं आणि मला आमच्या गावची डेअरी आठवली. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं निमगाव केतकी. आमच्या भागात सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन डेअरीवर जातात. तिथं दूध किती लिटर आहे एवढं बघून कुणी पैसे देत नाही. आधी फॅट लावतात. दोन कॅन दिसायला सारखे, पण एकाची फॅट साडेतीन आणि दुसऱ्याची चार. आमच्या भागातलं शेंबडं पोरही हे जाणतं. गाईच्या दुधाची फॅट आपण दिवसातून दोनदा मोजतो, आणि स्वतःची? स्वतःची आयुष्यात एकदाही नाही!

तसं देशाच्या पाहणीतही हेच दिसलं आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वजनाच्या हिशेबानं जाड ठरलेल्या बायका होत्या २४ टक्के. पण त्याच पाहणीत कंबर आणि नितंब यांचं प्रमाण बघितलं, तर धोक्याच्या पलीकडं गेलेल्या बायका निघाल्या जवळपास ५७ टक्के. म्हणजे काट्यावर पास झालेल्या कितीतरी जणी टेपवर नापास आहेत. आणि त्याच देशात ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी! पोटावर चरबी आणि रक्तात लोह नाही, अशी आपली तऱ्हा.

आता हे आतून जाड असणं येतं कुठून? याज्ञिकांनी त्याचा माग काढायला १९९३ साली पुणे जिल्ह्यातली सहा खेडी निवडली. शिरूर तालुक्यातल्या वढू इथं केईएमच्या डॉ. बानू कोयाजींनी ग्रामीण आरोग्याचं काम आधीच उभं केलं होतं, त्याचा आधार होता. या गावांतल्या लग्न झालेल्या बायकांची नोंद झाली. दिवस जायच्या आधीपासून त्यांची उंची, वजन, खाणं, काम, सगळं मोजलं गेलं. सरासरी बाईची उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४२ किलोच्या आसपास. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका डोळ्यांपुढं आणा, तशाच. मग त्यांना बाळं झाली, साडेसातशेहून जास्त. ती जन्मली तेव्हा सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातली बाळं ३.५ किलोची.

बाळं लहान होती, त्यात नवल नाही. नवल पुढं आहे. त्यांचे दंड बारीक, पोटाचा घेर लहान, स्नायू कमी. पण खांद्याच्या मागची चिमूट धरून चरबी मोजली, तर ती मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती! ही बाळं बारीक असूनही चरबी राखून जन्माला आली होती.

साउदॅम्प्टनचेच डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्याआधी मांडलं होतं, की प्रौढपणीच्या हृदयविकाराची आणि मधुमेहाची बीजं आईच्या पोटात असताना पेरली जातात. सोप्या भाषेत सांगायचं तर असं. आईकडून मिळणारं अन्न कमी पडलं, तर पोटातलं बाळ काटकसर करतं. पहिलं मेंदूला देतं. मग स्नायू, स्वादुपिंड, यकृत यांच्या वाट्याला कमी येतं. आणि पुढच्या उपासमारीसाठी चरबी तेवढी बाजूला ठेवतं. आपण नाही का दुष्काळाच्या भीतीनं कणगी भरून ठेवायचो? पण दुष्काळ आलाच नाही, उलट घरात सुबत्ता आली तर? लहान दुकानाला मोठी ऑर्डर आल्यासारखं होतं. साखर जाळायला स्नायू पुरेसे नाहीत, इन्शुलिन करणारं स्वादुपिंड मुळातच अशक्त. मग साखर रक्तात फिरत राहते.

त्या सहा गावांतली पोरं पुढं अठरा वर्षांची झाली, तेव्हा पुन्हा तपासली. जवळपास निम्मी अजूनही वजनानं कमीच होती. तरीही ३७ टक्के मुलग्यांची आणि १८ टक्के मुलींची साखर असावी त्याहून जास्त निघाली. शहरातली पिझ्झा खाणारी पोरं नव्हेत ही. आपल्यासारखीच, भाकरी-कोरड्यास खाणारी.

हे सगळं वाचून मी एका रविवारी निमगावला गेले. आईपाशी बसले आणि तिला माझ्या भाषेत सांगितलं. ती पंचायतीत न्याय ऐकावा तसं ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘‘म्हंजे माझंच चुकलं व्हय गं?’’

माझ्या घशात आवंढा आला. हे मला म्हणायचंच नव्हतं. पण मैत्रिणींनो, खरा धोका इथंच आहे. ‘आजार आईच्या पोटात सुरू होतो’ असं म्हटलं, की त्याचा अर्थ ‘आईमुळं होतो’ असा लावायला कितीसा वेळ लागतो? पोरगी झाली तर बाईचा दोष, मूल झालं नाही तर बाईचा दोष, आता पोराला शुगर झाली तरी बाईचाच दोष! संशोधकानं केलेलं मोजमाप असं आपल्याच पाठीत बसायला नको.

म्हणून मी आईला विचारलं, ‘‘मी पोटात होते तेव्हा तू काय खायचीस?’’ ती हसली. म्हणाली, ‘‘उरल ते. आधी गडीमाणसं, मग पोरं, मग सासूबाई. भाकर असायची, कालवण तळाशी.’’ आणि काम? ‘‘आठव्या महिन्यापतूर डोक्यावर वाढ्याचा भारा आणला. हिरीवरनं पाणी. धारा काढायच्या त्या मीच.’’ दूध? ‘‘दूध कशाला मिळतंय? इकायचं असायचं की ते.’’

आई स्वतः बहात्तरच्या दुष्काळात चौदा वर्षांची होती. वाढायच्या वयात ती खडी फोडायला गेली, मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन तिनं दिवस काढले. सहा वर्षांनी तिला मी झाले, मांजराच्या पिल्लाएवढी. यात तिचं काय चुकलं? वाढताना तिला मिळालं नाही, गरोदरपणी तिला ठेवलं नाही आणि काम तर कुणी कमी केलं नाही.

याज्ञिकांच्या त्या सहा गावांत आईच्या या उत्तराचाही हिशेब मांडला गेला आहे. ज्या बायकांच्या खाण्यात गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळं वरचेवर होती, त्यांची बाळं अंगानं चांगली निघाली. मुळात किडकिडीत असलेल्या बायकांमध्ये हा फरक जास्त उठून दिसला. आणि ज्यांना शेतातलं आणि घरातलं अवजड काम जास्त होतं, त्यांची बाळं लहान निघाली. नुसतं ‘दोन जिवांची आहेस, जास्त जेव’ म्हणून भागत नाही. पानात काय पडतं आणि डोक्यावर किती ओझं आहे, दोन्ही बघावं लागतं. आता मला सांगा, पानात काय पडायचं आणि डोक्यावर काय चढायचं, हे आमच्या आयांनी कधी स्वतः ठरवलं होतं का?

आणखी एक गोष्ट यात निघाली, ती आपल्या माळकरी घरांनी नीट ऐकावी अशी आहे. तुकोबांची पालखी आमच्या दारावरून इंदापूरकडं जाते. घरात माळ आहे, अंडं-मटण उंबऱ्याच्या आत येत नाही. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण बी-१२ नावाचं एक जीवनसत्त्व आहे, ते धान्यात नाही, डाळीत नाही, पालेभाजीतही नाही. ते मिळतं दूध, दही, अंडी, मासे आणि मटणातून. म्हणजे माळकऱ्याच्या घरात ते येण्याचा मोठा रस्ता एकच, दूध-दुभतं. त्या सहा गावांतल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत हे जीवनसत्त्व कमी होतं. २००८ साली याज्ञिकांच्या गटानं दाखवलं, की आईच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी असं असलं, तर तिच्या सहा वर्षांच्या मुलावर इन्शुलिनचा परिणाम कमी होताना दिसतो.

फोलिक ॲसिड आपल्याला सरकारी लाल गोळीतून लोहाबरोबर मिळतं. लगेच गोळ्या बंद करायला निघू नका हं! त्या गोळीनं रक्त वाढतं, बाळाच्या मणक्याचे दोष टळतात. ती घ्यायचीच. मुद्दा एवढाच, की तिच्या जोडीला बी-१२ का असू नये? याज्ञिकांनी २०१२ पासून त्याच गावांत हा प्रयोगही केला. त्या बाळांपैकी मोठ्या झालेल्या मुला-मुलींना लग्नाच्या आधीपासून रोज बी-१२ ची अगदी छोटी मात्रा दिली, दोन मायक्रोग्रॅम. त्यातल्या मुली पुढं आया झाल्या. त्यांची बाळं दोन वर्षांची झाल्यावर तपासली, तर ज्यांच्या आयांनी बी-१२ घेतलं होतं, ती समजेत आणि भाषेत उजवी दिसली. बाळं थोडी होती, त्यामुळं हा काही शेवटचा शब्द नाही. पण मुलीला खायला घालायचं ते सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला नव्हे, तर ती चौदा-पंधरा वर्षांची असतानाच, ही दिशा त्यातून स्पष्ट दिसते.

आणि इथं मला आमच्या घरातली चौदा-पंधरा वर्षांची दिसली. चौदाची नव्हे, सोळाची. माझी भाची. अकरावीला आहे. सकाळी चहा-बिस्किट, कॉलेजला जाताना डबा ‘विसरते’, दुपारी दोन मिनिटांच्या शेवया, गुरुवारी उपवास. का, तर ‘‘आत्या, मी जाड दिसते गं फोटोत.’’ रक्त तपासलं, हिमोग्लोबिन नऊ. आणि हिच्या घरात गाई किती? बारा! रोज शंभर लिटर दूध डेअरीला जातं. सात माणसांच्या घरात राहतं अर्धा लिटर, तेही चहापुरतं.

आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्याची गंमत बघा. नीरेच्या डाव्या कालव्यानं ब्रिटिशांच्या काळात पाणी आणलं, पाण्यानं ऊस आणला. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर, सगळीकडं धुराडी उभी राहिली. उसाबरोबर गाई आल्या. डाळिंबं आली, पेरू आले. या सगळ्यानं घरं पक्की झाली, पोरं शिकली. मी स्वतः त्याच पैशावर शिकले, तेव्हा त्याला नावं ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण घरात येतं काय आणि घरातून जातं काय, ते जरा बघू या. दूध जातं डेअरीला. चांगलं डाळिंब जातं बाजारात, घरात राहतं ते डागी. आणि घरात येतं काय? सभासदाची सवलतीची साखर, पोत्यानं! दिवाळीला पोतं आलं, की ते संपवायचं कर्तव्यही आलंच. दिवसाला चार चहा, त्यात दोन-दोन चमचे. शिरा, लाडू, शंकरपाळी. देशाच्या पोषणसंस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला साखर २० ते २५ ग्रॅमच्या वर नको म्हटलं आहे. म्हणजे साधारण पाच चमचे. आमच्याकडं ते तिसऱ्या चहालाच संपतात.

त्यात हातचं कामही गेलं. पाणी नळाला आलं, पाटा गेला, कॉलेजला स्कूटी आली. हे जायलाच हवं होतं, मला डोक्यावरचा भारा परत नकोय! पण काटकसरीवर घडलेलं शरीर, सुबत्तेची साखर आणि बसकं काम, हे तिन्ही एकाच घरात एकत्र आले. म्हणून म्हणते, जाडी हा खादाडपणाचा गुन्हा नाही. ऐंशी किलोच्या मैत्रिणीला चिडवणं सोडा. तिच्या वजनामागं काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि आपल्या बारीकपणामागं काय आहे तेही.

मग उपाय फक्त आपल्या स्वयंपाकघरातच आहे का? सगळं बाईच्याच चमच्यावर आणि लाटण्यावर सोपवायचं का? नाही. सरकारच्या धोरणाचा आपल्या ताटाशी फार जवळचा संबंध आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्या मुलांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचे वेगळे पैसे थांबवले आणि हवं तर लोकसहभागातून द्या असं सांगितलं. त्याच वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, बिस्किटं, चॉकलेट, नमकीन, झटपट शेवया यांच्यावरचा जीएसटी उतरून ५ टक्के झाला. पनीर आणि तूपही स्वस्त झालं, थंड पेयांवर ४० टक्के कर राहिला, हे मान्य. पण पोरीच्या अंड्याला पैसे नाहीत आणि पोरीच्या बिस्किटाला सवलत आहे, हा हिशेब कुठल्या आईला पटेल? चिली नावाच्या देशात २०१६ पासून जास्त साखरेच्या, मिठाच्या, चरबीच्या पाकिटावर पुढच्याच बाजूला काळा अष्टकोनी शिक्का मारतात. न शिकलेल्या आजीलाही कळतं, की हे पाकीट नातवाला रोज द्यायचं नाही. आपल्याकडं मात्र मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायला भिंग लागतं.

मोठे निर्णय दिल्ली-मुंबईत होतात खरे. पण काही गोष्टी आपल्या गावात, आपल्या हातातही आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा कायद्यानंच बायकांच्या आहेत. तिथं आपण जातो आणि सही करून चहा पिऊन येतो. यापुढं तिथं विचारू या, की आठवड्याचं अंडं किंवा रोजचं पेलाभर दूध गावातून उभं राहील का? ज्या गावातून रोज हजारो लिटर दूध बाहेर जातं, त्या गावाला शाळेसाठी चार कॅन जड नाहीत. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचा खाऊ विकायचा नाही, असा नियम २०२० सालीच झाला आहे. तो आपल्या शाळेपाशी कुठं आहे, ते विचारू या. आणि आशाताई तिशीच्या पुढच्या माणसांचा फॉर्म भरायला येतात, त्यात कमरेच्या मापाचा रकाना असतो. त्या आल्या की ‘मला काय झालंय?’ म्हणून त्यांना परत पाठवू नका. कंबर मोजू द्या, साखर तपासून घ्या. ‘मी बारीक आहे’ हे उत्तर तर मुळीच देऊ नका. ते मी देऊन बसले होते.

त्या रविवारी निमगावला मी दादापाशीही हा विषय काढला. तो व्यवहारी माणूस. म्हणाला, ‘‘लिटरमागं तीस रुपयं मिळत्यात. एक लिटर घरात ठिवलं तर महिन्याचं नऊशे गेलं की.’’ मी वहिनीला म्हटलं, ‘‘वहिनी, महिन्याला बिस्किटं, शेवया, कुरकुरीत पाकिटं किती येतात हो?’’ वहिनी बोटं मोजायला लागली. मोजता मोजता ती नऊशेच्या पुढं गेली आणि दादा गप्प झाला.

निकाल दिला तो आईनंच. जिनं आयुष्यभर धारा काढल्या आणि दूध चाखलं नाही, ती चरवी हातात घेऊन म्हणाली, ‘‘उद्यापासनं दोन लिटर घरात ऱ्हाईल. आधी पोरीचं, मग कॅन.’’ भाची नाक मुरडत होती, ‘‘आजी, मी जाड होईन!’’ आजी म्हणाली, ‘‘व्हय की. जरा हाडाला मास लागू दे.’’

आता सहा महिने झाले. भाची लोहाच्या गोळ्या घेते, दही आवडीनं खाते, दूध नाक धरून पिते. डब्यात मटकी असते, कधी हुलगे. परसात आईनं तांदुळजा आणि चाकवत लावलाय. परवाच्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन साडेअकराच्या जवळ आलं. माझी साखर औषधानं, चालण्यानं आणि बिनसाखरेच्या चहानं बरीच ताळ्यावर आहे. मी आता भाकरी एक खाते आणि भाजी-उसळ दोन वाट्या. लग्नातला ब्लाउज अजून येतो, पण ते आता मी कुणाला सांगत नाही!

आणि आमच्या भिशीत या वर्षी एक नवीन वस्तू आलीय. शिंप्याची टेप. महिन्यातून एकदा सगळ्या जणी कंबर मोजतो. हसतो, चेष्टा करतो, पण वहीत आकडा लिहितो. तुमच्या भिशीत, बचत गटात, भजनी मंडळात ही टेप आणायला फार तर दहा-वीस रुपये लागतील. ती जरूर आणा. पण त्याच्याही आधी आज रात्री एवढं करा. घरातल्या लेकीला, सुनेला आपल्याबरोबर, आपल्याआधी जेवायला बसवा. कालवण तळाशी जायच्या आत.